शोधनिबंधाचा विषय आजीच्या भिंतीवर आहे

प्रश्न: मी दृश्यकला पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. चार-पाच हजार शब्दांचा शोधनिबंध लिहायचा आहे आणि हातात तीन महिने आहेत. मी ‘राजा रविवर्मा : जीवन आणि कार्य’ हा विषय दिला होता. सर म्हणाले, फार मोठा आहे, लहान करून आण. लहान म्हणजे किती लहान? आमच्या आजीकडे रविवर्मा प्रेसची लक्ष्मीची जुनी तसबीर आहे, तिचा काही उपयोग होईल का? आणि लिहायला सुरुवात कुठून करू?

उत्तर:

आजीकडची ती तसबीरच तुझा विषय आहे. तू ती प्रश्नाच्या शेवटी जाता जाता लिहिलीस, पण तुझ्याकडे असलेली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच आहे, कारण ती तुला हातात घेऊन बघता येते.

‘जीवन आणि कार्य’ हे मथळ्याचे शब्द आहेत. त्यात प्रश्नच नाही, मग उत्तर कशाचं शोधणार? गेली पंचवीस-सव्वीस वर्षं मी कला महाविद्यालयात कलेचा इतिहास शिकवतो आणि असे निबंध तपासतो. पहिल्या पानावर १८४८, किळिमानूर, राजघराण्याशी नातं. दुसऱ्यावर तैलरंगाचं शिक्षण. पुढे बडोदा, मग शिकागोचं प्रदर्शन, मग मानसन्मान. सगळं खरं असतं, पण चार वर्षं वस्तुचित्रण आणि व्यक्तिचित्रण करून तयार झालेली त्या मुलाची किंवा मुलीची नजर एकाही पानावर सापडत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं. इतिहासाच्या विद्यार्थ्याला जे दिसणार नाही ते तुला दिसतं, आणि निबंध त्यावरच उभा राहायला हवा.

म्हणून पुढचे पंधरा दिवस कुठलंही पुस्तक उघडू नकोस. आजीकडे जा.

तिची परवानगी घेऊन तसबीर खाली उतरव, खिडकीपाशी टेबलावर ठेव. दुपारचा स्वच्छ उजेड हवा, ट्यूबलाइट नको. बरोबर वही, पेन्सिल, मोजपट्टी आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग ने. मोबाइल पहिला अर्धा तास पिशवीतच राहू दे. फोटो काढला की आपण बघणं थांबवतो, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. आधी चित्राचं रेखाटन कर, अगदी साधं, वस्तुमानाचं. हात चालला की डोळा थांबतो आणि प्रश्न पडायला लागतात.

कसले प्रश्न, ते सांगतो. ही लक्ष्मी पाण्यातल्या कमळावर उभी आहे. साडीच्या चुण्यांखाली पाय, मांडी, कंबर यांचा घाट जाणवतो. छाया-प्रकाशाने शरीराला पुरतं वजन दिलेलं आहे, युरोपीय तैलचित्रात देतात तसं. मग ज्या कमळावर एवढं वजन आहे त्याच्या पाकळ्यांचं काय झालंय? त्या दबल्या आहेत का? नसतील, तर एकाच चित्रात दोन वेगळे नियम चालू आहेत: शरीर या जगातलं आणि कमळ मूर्तिशास्त्रातलं. हे तू स्वतः बघून लिहिलंस तर तेवढ्यावर तुझा एक अख्खा परिच्छेद उभा राहील.

मग हत्तीकडे बघ. वेरूळला कैलास लेण्यात शिरलं की समोरच गजलक्ष्मीचं मोठं शिल्प आहे, आठव्या शतकातलं. त्यात लक्ष्मी कमळांच्या तळ्यात बसलेली आहे आणि हत्ती तिच्यावर घटांतून पाणी ओतताहेत. रविवर्म्यांच्या प्रसिद्ध लक्ष्मीत ती उभी आहे, आणि सोंडेत माळ धरलेला एकच हत्ती शेजारी आहे. अभिषेक गेला, त्या जागी माळ आली. कदाचित साडी भिजलेली दाखवायची नसेल. कदाचित समतोल मोडून एका बाजूला वजन टाकायचं असेल, म्हणजे चित्र एखाद्या प्रसंगासारखं दिसेल. उत्तर आत्ता माहीत नसलं तरी चालेल, फक्त तो बदल वहीत नोंदव. आणि तुझ्या प्रतीत लक्ष्मीच्या हातातून नाणी पडताहेत का, तेही बघ. नंतरच्या कॅलेंडरांत ती सर्रास दिसतात.

आता भिंग लाव. गालावर किंवा दंडावर, जिथे उजेडातून सावलीकडे जाताना रंग बदलतो तिथे. जुना शिळाछाप, म्हणजे दगडावरून छापलेलं चित्र, असेल तर बारीक ठिपके दिसतील, पण ते एकसारखे नसतील. काही मोठे, काही लहान, कुठे दाट, कुठे विरळ. ते कुणीतरी हाताने दिलेले आहेत. उलट सारख्या अंतरावर ओळीत बसलेले निळे, किरमिजी, पिवळे आणि काळे ठिपके दिसले, त्यांची फुलासारखी गोल नक्षी दिसली, तर ती नंतरची, ऑफसेट यंत्रावर छापलेली नक्कल आहे. तसं निघालं तरी हिरमुसू नकोस. नक्कल कुणी, केव्हा आणि का छापली हाही अभ्यासाचाच विषय आहे, फक्त तो वेगळा निबंध होईल.

ठिपके हाताचे असले तर जरा थांब, कारण इथे तुझ्या निबंधातली सगळ्यात मोठी गोष्ट दडलेली असू शकते. शिळाछापात बव्हेरियातून येणाऱ्या चुनखडीच्या सपाट दगडावर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढतात. दगड ओला केला की तेलकट जागा पाणी धरत नाही, शाई धरते. उरलेला दगड पाणी धरतो, शाई धरत नाही. रंगीत छापाला प्रत्येक रंगाचा वेगळा दगड लागतो, आणि कागद एकामागून एक सगळ्या दगडांवरून अचूक त्याच जागी बसवून न्यावा लागतो. बांगडीच्या किंवा ओठाच्या कडेला लाल रंग रेषेबाहेर केसभर सरकलेला दिसला, तर एक दगड जुळला नव्हता असं समज. वरून रोगण आणि कॅनव्हासच्या विणीसारखा उठाव दिला की तैलचित्राचा भास होतो, म्हणून नाव ओलिओग्राफ. पण तैलचित्रावरून दगडांवर चित्र उतरवायचं काम छापखान्यातल्या कारागिरांचं होतं. म्हणजे आजीच्या भिंतीवर ज्याला आपण ‘रविवर्म्यांचं चित्र’ म्हणतो, त्याच्या गालावरचा एकेक ठिपका ज्या हाताने दिला तो हात रविवर्म्यांचा नाही. मग हे चित्र कुणाचं? हा प्रश्न चार हजार शब्द सहज पेलेल.

खालच्या कोऱ्या पट्टीवर छापलेली अक्षरं जशीच्या तशी उतरवून घे, स्पेलिंगच्या चुकांसकट. रविवर्म्यांचा हा छापखाना मुंबईत १८९४ मध्ये सुरू झाला आणि १८९९ च्या सुमारास लोणावळ्याजवळ, कार्ल्याशेजारच्या मळवलीला गेला. पट्टीवर कार्ला-लोणावळा असं असेल, तर तुझी प्रत त्या स्थलांतरानंतरची आहे, एवढं तू खात्रीने म्हणू शकतेस. त्यापुढे म्हणू शकत नाहीस. छापखाना पुढे फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला, रविवर्मा १९०६ मध्ये वारले, आणि त्यांच्या नावाने छपाई नंतरही कितीतरी वर्षं चालू राहिली. त्यामुळे ‘रविवर्मा प्रेस’ ही अक्षरं म्हणजे चित्रकाराची सही नव्हे. चित्रओळीत, म्हणजे चित्राखालच्या माहितीच्या ओळीत, चित्रकार आणि मुद्रक नेहमी वेगळे लिही.

मग काच आणि पाठ. काचेवर कपाळाच्या जागी कुंकवाचं बोट उमटलंय का? खालच्या कडेला उदबत्तीच्या धुराचा पिवळा पट्टा आहे का? फ्रेमच्या वरच्या कोपऱ्यांत हारासाठी ठोकलेले खिळे? हे सगळे पुरावे आहेत. या छापाची पूजा झाली की तो दिवाणखान्यात शोभेला होता, हे कुठलंही पुस्तक तुला सांगणार नाही, ती काच सांगेल. काही घरांत अशा छापांवर जरी, टिकल्या, कापडाचे तुकडे चिकटवून देवीला खरोखरची साडी नेसवलेली असते. तसं काही असेल तर त्याचे जवळून फोटो घे.

पाठीमागच्या कागदाबद्दल मात्र सावध. माझ्या एका विद्यार्थिनीच्या तसबिरीमागे १९४८ सालचं वर्तमानपत्र दिसत होतं. तिने लगेच ‘छापाचं वर्ष १९४८’ असं लिहिलं. त्या कागदाने सिद्ध एवढंच होतं की फ्रेम १९४८ च्या आधी झालेली नाही. छाप त्याआधी तीस वर्षं कुणाच्या ट्रंकेत घडी करून पडलेला असू शकतो. पुराव्याने जेवढं कळतं तेवढंच लिहायचं, ही सवय मला शोधनिबंधातली सर्वांत मोलाची वाटते. आणि फ्रेम तू स्वतः उघडू नकोस. जुना कागद कडेला ठिसूळ झालेला असतो, काचेला चिकटलेला असतो, आणि एकदा फाटला की संपलं.

आजीशी बोलणं हे वेगळ्या दिवशी कर, सावकाश. तसबीर कुणी आणली, कुठून, कुठल्या भिंतीवर होती, लक्ष्मीपूजनाला खाली उतरवत का, कुणी गेल्यावर ती कुणाकडे आली. तिच्या शब्दांत लिहून घे, तारीख टाक, आणि निबंधात वापरायच्या आधी तिला वाचून दाखव. तिला साल आठवणार नाही, पण ‘आमच्या थोरल्याच्या मुंजीआधी’ असं आठवेल. त्यावरून साल काढता येतं.

आता वहीत वीस-पंचवीस टिपा असतील. त्यातून प्रश्न कसा काढायचा? ज्या गोष्टीचं तुला खरंच नवल वाटलं ती घे आणि तिच्या शेजारी दुसरी एक वस्तू ठेव. तुलनेशिवाय दृश्यकलेत प्रश्न धारदार होत नाही. मी असतो तर रविवर्म्यांची शकुंतला ठेवली असती, १८९८ ची, पायातला काटा काढायच्या निमित्ताने वळून बघणारी. मूळ तैलचित्र तिरुवनंतपुरमला आहे, आणि त्याचेही छाप निघाले. तिथे शकुंतलेची नजर चित्राबाहेरच्या दुष्यंताकडे आहे, आपण बाजूला उभे राहून तो प्रसंग बघतो. लक्ष्मी मात्र सरळ आपल्याकडे बघते, जशी गाभाऱ्यातली मूर्ती बघते. दोन्हींत नवी शैली आहे, तोच छाया-प्रकाश आहे, पण एकीकडे आपण प्रेक्षक आहोत आणि दुसरीकडे आपण दर्शनाला आलोय. तुझ्या आजीच्या काचेवर कुंकू असेल तर ते याच फरकाशी जोडलेलं आहे. मग निबंधाचा प्रश्न असा मांडता येईल: ‘रविवर्मा प्रेसच्या लक्ष्मीच्या छापात युरोपीय वास्तवदर्शी शैली आणि दर्शनाची परंपरा एकत्र कशा नांदतात? एका घरातील प्रतीच्या आधारे अभ्यास.’ विषय एवढा लहान झाला की सर परत पाठवणार नाहीत.

इथून पुढे वाचन, आणि वाचताना प्रश्न हातात धरून वाच. पार्थ मित्तर, तपती गुहा-ठाकुरता आणि ख्रिस्तोफर पिन्नी या तीन अभ्यासकांचं काम चाळल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. तिघांचं एकमेकांशी सगळीकडे पटत नाही, आणि तुला तेच हवं आहे. पिन्नी छापील देवांच्या चित्रांकडे आणि त्यांच्या पूजेकडे विशेष बघतात, तो भाग तुझ्या अगदी जवळचा. मराठीत चित्रकार बाबूराव सडवेलकरांचं लेखन आहे. चित्रकार धुरंधरांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतल्या एकेचाळीस वर्षांच्या आठवणी मराठीत लिहून ठेवल्यात. त्या वेळची मुंबईतली चित्रकारांची दुनिया त्यात भेटते. रविवर्म्यांचे धाकटे बंधू राजराज वर्मा त्यांच्याबरोबर काम करत, त्यांची रोजनिशी छापून उपलब्ध आहे. समकालीन माणसाने त्या त्या दिवशी लिहिलेलं असं काही मिळणं हे भाग्य समज.

एक सापळा आधीच दाखवून ठेवतो. ‘रविवर्म्यांनीच पहिल्यांदा देव घरोघरी पोहोचवले’ हे वाक्य तुला दहा ठिकाणी मिळेल. पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने चित्रशाळा हा छापखाना १८७८ मध्ये निघाला, म्हणजे रविवर्मा प्रेसच्या सोळा वर्षं आधी, आणि तिथल्या रामपंचायतनाचे रंगीत छाप महाराष्ट्रात घरोघरी लागले. कलकत्त्यातही असे छापखाने चालू होते. मग ‘पहिल्यांदा’ हा शब्द टिकत नाही. रविवर्मा प्रेसने नेमकं वेगळं काय केलं, हा प्रश्न मात्र टिकतो. चित्रशाळेचा एखादा छाप मिळाला तर लक्ष्मीशेजारी ठेवून चेहऱ्यावरची सावली तपासून बघ. हाच प्रकार सालांचा. प्रेस विकल्याचं साल वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळं दिलेलं आढळतं. त्यातलं सोयीचं निवडू नकोस, कोण काय म्हणतं ते तळटिपेत दे. रविवर्म्यांच्या मॉडेलविषयीच्या प्रेमकथा तर सोडूनच दे.

मूळ तैलचित्र डोळ्यांनी बघितल्याशिवाय छापाबद्दल लिहू नये असं माझं ठाम मत आहे. बडोद्याला महाराजा फतेसिंग संग्रहालयात रविवर्म्यांचा मोठा संग्रह आहे. तेवढं लांब जमणार नसेल तर सातारा जिल्ह्यात औंधला श्रीभवानी संग्रहालय आहे. औंध संस्थानाचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी जमवलेल्या त्या संग्रहात रविवर्म्यांची चित्रं आहेत. कॉलेजचं पत्र घेऊन जा, फोटो काढता येतात का ते आधी विचार. तिथे उभं राहिल्यावर एकच काम कर: तैलरंगात दंडाची सावली कशी वळवली आहे ते बघ आणि छापातल्या ठिपक्यांच्या सावलीशी तुलना कर. कारागिराला काय गाळावं लागलं ते तिथे कळेल.

लिहिताना सर्वांत जास्त मुलं वर्णनात घसरतात. एक नेहमीचं वाक्य देतो: ‘या चित्रातील रंगसंगती मनोहारी असून रेषा लयबद्ध आहेत व भावदर्शन अप्रतिम आहे.’ यातलं ‘या चित्रातील’ काढून कुठलंही चित्र घाल, वाक्य तसंच बसतं. म्हणजे त्याने काहीच सांगितलेलं नाही. त्याऐवजी असं लिही: ‘साडीचा लाल रंग चुणीच्या माथ्यावर जवळजवळ गुलाबी होतो आणि खोबणीत तपकिरीकडे जातो. भिंगाखाली ही तपकिरी वेगळा रंग नसून लालवर छापलेले निळसर ठिपके आहेत असे दिसते. चेहऱ्यावर मात्र हे ठिपके इतके विरळ आहेत की तो कुठल्याही बाजूने उजळलेला वाटत नाही.’ हे मी नमुन्यादाखल लिहिलं. तुझ्या प्रतीत जे दिसेल तेच तू लिहायचंस. पण बघ, अशा तीन वाक्यांनंतर तुला म्हणता येतं की शरीराला प्रसंगातला उजेड दिलाय आणि चेहऱ्याला मूर्तीचा. आधी दिसलेलं, मग अर्थ. तो क्रम उलटा झाला की परीक्षक विचारतो, हे कशावरून?

आराखडा म्हणजे मथळ्यांची यादी करू नकोस. सहा-सात पूर्ण वाक्यं लिही, प्रत्येक वाक्यात एक दावा. ‘माझी प्रत १८९९ नंतरची आहे.’ ‘ती दगडावर हाताने उतरवलेली आहे.’ ‘गजलक्ष्मीच्या परंपरेतला अभिषेक इथे नाही.’ ‘नजरेची दिशा शकुंतलेहून वेगळी आहे.’ ‘घरात तिची पूजा झाली, याच्या खुणा काचेवर आहेत.’ प्रत्येक दाव्याखाली पुरावा लिही. ज्याखाली पुरावा येत नाही तो दावा गाळ. मग क्रम आपोआप लागतो. रविवर्म्यांच्या चरित्राला चारशे शब्दांपेक्षा जास्त जागा देऊ नकोस, आणि प्रस्तावना सगळ्यात शेवटी लिही.

बारा आठवडे असे वाटून घे: दोन बघण्यात, चार वाचनात आणि भेटींत, तीन पहिल्या खर्ड्याला, दोन पुनर्लेखनाला, आणि शेवटचा एक चित्रं, तळटिपा, छपाई आणि बाइंडिंगला. तो शेवटचा आठवडा कुणालाही देऊ नकोस. चित्रओळीत चित्रकार, मुद्रक, शीर्षक, माध्यम, इंचांत मोजलेला आकार, वर्ष किंवा वर्षाचा अंदाज, आणि वस्तू कुणाकडे आहे हे सगळं यायला हवं. आजीचं नाव घालायचं की ‘खासगी संग्रह’ लिहायचं, हे तिलाच विचार. इंटरनेटवरची प्रतिमा वापरलीस तर ती उलटी नाही ना, हे मूळ चित्राशी ताडून बघ. डावं-उजवं उलटलेल्या प्रतिमेवरून अख्खी रचना समजावून सांगणारा निबंध मी तपासलेला आहे, आणि मेहनती मुलाचा होता. आणि मराठीत लिहिणार असशील तर बेलाशक लिही. शिळाछाप, छटा, घाट, चुणी, पोत हे शब्द या कामाला पुरेसे धारदार आहेत.

तर या रविवारी आजीकडे जाऊन ये. रेखाटन आणि भिंगाखालच्या टिपा झाल्या की ‘जीवन आणि कार्य’चा कागद बाजूला ठेवून ती वहीच सरांसमोर ठेव. खालच्या पट्टीवर काय छापलंय ते मलाही कळव. कार्ला-लोणावळा असलं तर पुढचं बोलू, आणि मुंबईचा पत्ता निघाला तर लगेच कळव, कारण मग तारखेचा सगळा हिशोब बदलतो.